मोबाइल की कॅमेरा? काजव्यांपासून फ्लेमिंगोंपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे अखेरीस भंडारदरा आणि पुरुषवाडीकडे काजवे दिसू लागतात आणि महाराष्ट्रातला फोटोंचा मोसम सुरू होतो. मग वारी, पावसातले गड, कासची फुलं, गणपती, दिवाळी आणि थंडीत भिगवणचे फ्लेमिंगो. या काळात आम्हाला सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

थोडक्यात सांगा. फोन पुरेल की कॅमेरा घ्यावा?

ज्याचा फोटो काढायचा ते फार लांब असेल, किंवा अंधार आणि हालचाल दोन्ही एकदम असतील, तर कॅमेरा लागतो. घरचे समारंभ, दिवसाउजेडीचा प्रवास, जेवणाचं ताट, रांगोळी, गडावरून दिसणारी दरी यांना चांगला फोन पुरतो. यातल्या काही गोष्टी फोन कॅमेऱ्यापेक्षा सोप्या करतो, त्याही पुढे सांगितल्या आहेत.

माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे आणि दुकानात दाखवलेला कॅमेरा २४चा. मग कॅमेरा सरस कसा?

मेगापिक्सेल म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. ते ठिपके किती जागेत बसवले आहेत हे खोक्यावर ठळक छापत नाहीत, आणि सगळा फरक तिथेच आहे. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग, साधारण ९.८ × ७.३ मिलीमीटर असतो, म्हणजे ७२ चौरस मिलीमीटरच्या आसपास. एपीएस-सी प्रकारच्या कॅमेऱ्यात तो २३.५ × १५.६, म्हणजे ३६७ चौरस मिलीमीटर, आणि फुल फ्रेममध्ये ३६ × २४, म्हणजे ८६४. पहिल्यापेक्षा दुसरा पाचपट मोठा, तिसरा बारापट. तेवढ्याच वेळात तेवढ्याच ॲपर्चरला (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक; एफ/ नंतरचा आकडा लहान, तेवढं ते मोठं) मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश त्याच पटीत जास्त पडतो.

फोन बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि २०० मेगापिक्सेलचा फोन सोळा पिक्सेल एकत्र करून तेवढाच. पूर्ण ५०चा मोड भर उन्हात आणि स्थिर दृश्यासाठी वापरा. संध्याकाळी तो लावलात तर फोटोत रवा पसरल्यासारखे दाणे दिसतील.

फोनचा अल्ट्रावाइड कॅमेरा बऱ्याचदा याहूनही लहान सेन्सरचा असतो. अंधार पडू लागला की ०.५ एक्सचं बटण विसरा आणि दोन पावलं मागे सरका.

फोनमध्ये एफ/१.८ ची लेन्स आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स एफ/३.५ पासून सुरू होते. मग फोनच जास्त उजेड घेणार ना?

सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलीमीटरवर जास्त घेतो, हे खरं. पण वर दिलेल्या मापाचा फोनचा सेन्सर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तर फुल फ्रेमपेक्षा साडेतीनपट आखूड आहे. त्यामुळे पार्श्वभूमी किती धूसर होणार आणि एकूण उजेड किती मिळणार, या दोन्ही हिशेबांत फोनचा एफ/१.८ हा फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/६.३ एवढाच ठरतो.

एपीएस-सी कॅमेऱ्यावरची १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स (हा आकडा मोठा, तेवढं दूरचं मोठं दिसतं) याच हिशेबाने रुंद टोकाला, म्हणजे १८ ला, एफ/५.३ च्या आसपास बसते. म्हणजे फोन आणि किट लेन्स यांच्यात फार अंतर नाही. फोन शिवाय पाच-दहा फ्रेम एकत्र करून फोटो सुधारतो, कॅमेरा ते आपोआप करत नाही. ‘एवढा खर्च केला आणि फोटो फोनसारखेच येतात’ ही तक्रार इथूनच येते, आणि ती रास्त आहे. किट लेन्ससाठी कॅमेरा घेऊ नका. साधी बॉडी घ्या आणि उरलेल्या पैशांत ५० मिलीमीटर एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घ्या. घरात दिव्याच्या उजेडात फरक पहिल्याच फोटोत दिसेल.

भिगवणला फ्लेमिंगो पाहायला जातोय. फोनला १०० एक्स झूम आहे, पुरेल का?

नाही. कागदावर हिशेब करून पाहू. मोठा रोहित, म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो, उभा असताना साधारण १.३ मीटर उंच असतो. कुंभारगाव किंवा डिकसळहून निघालेली होडी थव्यापासून ६० मीटरवर थांबली असं धरा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात (फुल फ्रेमच्या हिशेबात २४ मिलीमीटर) तो पक्षी फोटोच्या उंचीच्या जेमतेम दोन टक्के येतो, म्हणजे ३००० पिक्सेलपैकी ६०. पाच एक्सच्या टेलीफोटोत (१२० मिलीमीटर) दहा टक्के, म्हणजे ३०० पिक्सेल. त्यापुढचं सगळं झूम म्हणजे याच ३०० पिक्सेलना ताणणं आणि मधलं सॉफ्टवेअरने अंदाजाने भरणं. पिसांची कडा पाण्यात कालवलेल्या रंगासारखी दिसते ती त्यामुळे.

एपीएस-सी बॉडीवर ७०-३०० लेन्स ३०० मिलीमीटरला लावली तर तोच पक्षी फोटोच्या उंचीच्या ४० टक्के भरतो, आणि ४०० मिलीमीटरला निम्म्याहून अधिक. चोचीचं काळं टोक, डोळ्याचा पिवळसर कडा, मानेवरून ओघळणारं पाणी, हे सगळं तेव्हा हाती लागतं.

होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण होडीच हलते. शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००. फोकस कंटिन्युअसवर, बर्स्ट (सलग फोटो) चालू, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२००. सकाळी नऊनंतर तापू लागलेल्या पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ येतात. ती लेन्सची चूक नव्हे. पहाटेची होडी गाठणं एवढाच त्यावर उपाय. आणि नावाड्याला थव्याच्या अंगावर होडी घालायला सांगू नका. थवा उठला की पक्ष्यांचं खाणं मोडतं.

टेलीफोटोचं बटण दाबूनही फोटो मऊ का येतो?

कारण उजेड कमी असला, किंवा समोरची वस्तू टेलीफोटोच्या किमान फोकस अंतराच्या आत असली, की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाच एक्स लावा आणि फोनमागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, तीच लेन्स चालू आहे. मुख्य लेन्स झाकल्यावर काळोख झाला, तर टेलीफोटो चालूच नाही. प्रो मोडमध्ये लेन्स हाताने निवडता येत असेल तर तिथून निवडा, नाहीतर एक-दोन पावलं मागे जा.

काजव्यांचा फोटो फोनवर निघतो का?

निघतो, पण नाइट मोडवर विसंबू नका. नाइट मोड अनेक फ्रेम एकमेकींवर बसवतो आणि एखाद्याच फ्रेममध्ये आलेली गोष्ट नॉइज (अंधारातले दाणे) किंवा हालचाल समजून वगळू शकतो. काजव्याची लुकलुक नेमकी तशीच असते, त्यामुळे झाड छान उजळतं आणि काजवे गायब होतात. प्रो मोडमध्ये शटर १० ते ३० सेकंद ठेवता येत असेल तर आयएसओ १६००, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, फोन ट्रायपॉडवर आणि ३ सेकंदांचा टायमर.

कॅमेऱ्यावर काम जास्त भरवशाचं होतं. संधिप्रकाश असतानाच हिरडा, बेहडा किंवा ऐनाचं एखादं झाड हेरा, ट्रायपॉड रोवा, ऑटो फोकसने झाडावर फोकस करून लगेच मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर कागदी टेप लावा. अंधार पडल्यावर फोकस जुळवणं फार अवघड जातं. उजेड असतानाच झाडाचा एक स्वच्छ फोटो घ्या, तो शेवटी खालचा थर म्हणून लागतो. मग एफ/२.८ किंवा त्याहून मोठं ॲपर्चर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर २० सेकंद, आणि इंटरव्हलोमीटरवर (ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो काढणारी सोय) सलग ४० ते ८० फोटो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवंच; ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो आणि मधले काजवे हुकतात. घरी आल्यावर हे सगळे थर ‘लाइटन’ मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका ठेवणारा) एकत्र करा. स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर ते करून देतं.

चाळीस फोटोंचा मिळून झालेला फोटो आणि डोळ्यांना एका क्षणी दिसलेलं झाड यांत फरक असतो. फोटो कुणाला दाखवताना ते सांगावं.

आणि आमचं हे कळकळीचं सांगणं: काजव्यांचा उजेड हा नर-मादीचा संवाद असतो. फ्लॅश, बॅटरी, कॅमेऱ्याचा फोकस-साहाय्याचा दिवा, फोनचा उजळलेला पडदा, गाडीचे हेडलाइट यांपैकी कशानेही तो तुटतो. फोकसचा दिवा मेनूतून बंद करा, पडद्याचा उजेड सर्वांत खाली आणा, चालायला बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन लावून जमिनीकडेच धरा.

कासच्या फुलांना काय न्यावं?

इथे फोन मागे पडत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे फोनच्या फोटोत जवळपासून दूरपर्यंत जास्त भाग स्पष्ट राहतो. पुढे तेरड्याचा गुलाबी गालिचा, मागे ढग उतरलेलं पठार, दोन्ही एकाच फोटोत नीट हवं असेल तर फोन खाली, फुलांच्या उंचीला आणा आणि मुख्य लेन्स वापरा.

सीतेची आसवं किंवा गेंदासारखं एकटं, बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून लहान फूल टिपायचं असेल तर मॅक्रो लेन्स लागते. फोनचा मॅक्रो मोड दोन-तीन सेंटिमीटरवर नेतो, तिथे फोनची सावली फुलावर पडते. ९० किंवा १०० मिलीमीटरची मॅक्रो लेन्स थोडं अंतर राखू देते. मात्र एकास एक मोठं करताना एफ/८ ला फुल फ्रेमवर जेमतेम एक मिलीमीटर खोलीच फोकसमध्ये येते, आणि पठारावर वारा कधी थांबत नाही. फोकस मॅन्युअलवर ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे झुकत बर्स्ट घ्या. वीसांतले दोन चांगले निघाले तरी खूप. पायवाट सोडून आत पाऊल टाकू नका. पायाखाली जाणारं रोप तुम्हाला दिसतही नाही.

पोर्ट्रेट मोड असताना मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सची गरज काय?

लग्नातला एखादा फोटो पडद्यावर मोठा करून पाहा. नवरीच्या कपाळावरून गालावर रुळणारे मुंडावळ्यांचे सर, नथीतले सुटे मोती, गजऱ्यातून निसटलेली बट: फोन अंदाजाने चेहरा कापून काढतो आणि या बारीक गोष्टींपाशी कात्री चुकते. एखादा सर अर्धा स्पष्ट, अर्धा पुसलेला. नथीच्या आतल्या जागेतून मागचा मंडप तसाच स्पष्ट दिसतो. चष्म्याच्या काड्या बऱ्याचदा गायब होतात.

लेन्सला कापायचं काही नसतं. ५० मिलीमीटर एफ/२ ला ठेवून जवळच्या डोळ्यावर फोकस करा, बाकीचं अंतराप्रमाणे आपोआप विरघळत जातं. फोनवरच काढायचा असेल तर दोन किंवा तीन एक्स लावा, माणसाला भिंतीपासून दोन मीटर पुढे आणा आणि ब्लर निम्म्याहून कमी ठेवा.

विसर्जन मिरवणुकीतले फोटो हललेले आणि पट्ट्यापट्ट्यांचे का येतात?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. हललेला फोटो म्हणजे शटर हळू. ताशावर पडणारी काडी किंवा ढोलावरचं टिपरू थांबलेलं हवं तर रात्री किमान १/२५० आणि दिवसा १/५०० लागतं. फोन अंधारात स्वतःहून १/३० पर्यंत उतरतो. म्हणून कॅमेऱ्यावर एफ/१.८, १/२५०, आयएसओ ३२०० ते ६४०० ठेवा आणि दाणे दिसले तर दिसू द्या. दाणेदार पण स्पष्ट चेहरा हा स्वच्छ पण हललेल्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. व्हिडिओ २५ फ्रेम आणि १/५० वर. काही एलईडी पॅनेल वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे पट्टे राहतीलच. रात्रीच्या मिरवणुकीत वेगवान शटर आणि पट्टे नसणं यांपैकी एकच मिळतं, ते आधी ठरवा.

लेझरने कॅमेरा खराब होतो हे खरं का?

खरं आहे. झोत थेट लेन्समध्ये शिरला तर क्षणात सेन्सरवर कायमची रंगीत रेघ किंवा ठिपके उमटतात. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ती रेघ असते. फोनचं कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागतं. कॅमेऱ्याचा सेन्सर बदलण्याचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीजवळ जातो. मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, सेन्सर सतत उघडा असतो, डीएसएलआरमध्ये तो आरशामागे असतो. पण डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून तोच झोत सरळ डोळ्यात जातो, आणि डोळा बदलता येत नाही. लेझर फिरू लागले की लेन्स खाली करा, झाकण लावा आणि मुलांनाही तिकडे पाहू देऊ नका.

जेजुरीचा भंडारा किंवा गुलाल आत गेला तर?

आत जाण्याचा मुख्य रस्ता झूम लेन्स. झूम फिरवताना नळी लांबते, हवा ओढते आणि हवेबरोबर हळदही. भंडारा उधळला जातो तिथे प्राइम लेन्स किंवा न लांबणारी झूम लावून जा, पुढे साधा यूव्ही फिल्टर असू द्या, आणि लेन्स तिथे अजिबात बदलू नका.

परत आल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी रबरी ब्लोअर, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून. मग मऊ ब्रश. सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर कापडावर (काचेवर नव्हे) क्लीनरचा एक थेंब, मधून बाहेर गोलाकार. कोरडं कापड आधी फिरवलंत तर पावडरीतले बारीक खडे काचेवर घासले जातात. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. फोनचंही हेच: शर्टाला पुसू नका, स्पीकरची जाळी कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा, चार्जिंगचं भोक फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच कोरा.

पावसात फोन सुरक्षित की कॅमेरा?

फोन, बऱ्याच अंशी. आयपी६८ म्हणजे गोड्या पाण्यात, ठरलेल्या खोलीपर्यंत, ठरलेल्या वेळापुरतं संरक्षण. समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नाही. फोन एकदा पडून चेपला किंवा उघडून दुरुस्त केला की त्या आकड्याचा भरवसा राहत नाही. ओल्या पडद्याला बोट समजत नाही, म्हणून फोटो आवाजाच्या बटणाने काढा. चार्जिंगचं भोक पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

कॅमेऱ्याला रेन कव्हर आणि लेन्स हूड. थंडगार एसी गाडीतून धुक्यात उतरताना बॅग बंदच ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाने उघडा. नाहीतर काचेवर आणि आतही वाफ धरते. फोनचा फोटो धुरकट आला तर मात्र धुक्याला दोष देण्याआधी लेन्स पुसून पाहा. बहुतेक वेळा तो बोटाचा तेलकट डाग असतो.

लेन्सला बुरशी येते म्हणतात. घरी कशी ठेवावी?

कोकण, मुंबई आणि गोव्यात ही सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि बॅगेत ठेवलेली लेन्स सगळ्यात आधी सापडते, कारण फोम आणि चामडं ओल धरून ठेवतात. दहा लिटरचा हवाबंद प्लास्टिक डबा, त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर बुरशी धरू लागते, ३० च्या खाली रबर आणि वंगणाला कोरड सोसत नाही. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि खाण्याच्या भांड्यात तापवू नका. तांदळात लेन्स पुरू नका, पिठाची धूळ आत जाते. दर आठवड्याला डबा उघडून चार फोटो काढा; वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

सेकंडहँड डीएसएलआर घेऊ का?

शिकायला चांगला पर्याय आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आणले, अनुक्रमे आरएफ आणि झेड, आणि तेव्हापासून जुन्या बॉडी स्वस्त होत गेल्या. कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॉप्टरने आरएफ बॉडीवर ऑटो फोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र एफटीझेड ॲडॉप्टरवर फक्त हाताने फोकस होतात, कारण त्यांना फोकससाठी बाहेरची मोटर लागते आणि ॲडॉप्टरमध्ये ती नाही. स्वस्त मिळते म्हणून एएफ-डी घेणारे इथे फसतात.

पाहताना: दोन्ही झाकणं काढून लेन्समधून फोनची बॅटरी तिरकी मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांत दिसते. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंतच्या क्लिकची संख्या, विचारा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या अपेक्षेने बनवलेलं असतं. बॅटरी फुगून खाचेत अडकते का, तेही पाहा.

फोनच्या फोटोचा मोठा प्रिंट किंवा फ्लेक्स चांगला येईल का?

४००० × ३००० पिक्सेलचा फोटो १२ × १८ इंची अल्बमच्या पानावर इंचाला साधारण २२० ठिपके देतो. ३०० हा आदर्श आकडा, पण हातात धरून पाहायला २२० चालतात. दहा फुटी फ्लेक्स लांबून पाहिला जातो, त्याला इंचाला ३० ठिपकेही पुरतात, म्हणजे ३६०० पिक्सेल. फोनमधून ते निघतात.

काम बिघडतं ते पाठवताना. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो, आणि प्रिंटवाल्याच्या हाती मूळ फोटो येतच नाही. जोडणीच्या चिन्हावरून ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि फाइल म्हणून पाठवा, किंवा पेन ड्राइव्हवर न्या.

दिवाळीत पणत्यांचा फोटो दिवसा काढल्यासारखा का दिसतो?

फोन अंधाऱ्या भागाला उजळवायला धावतो. पणतीच्या ज्योतीवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झालं की बोट खाली ओढा. ज्योतीचा पांढरा गोळा जाऊन पिवळी शीग दिसू लागली की थांबा. अंगण काळोखं राहू द्या, तेव्हाच पणती पेटलेली दिसते.